मोठ्या अक्षरांतली कादंबरी

दर दुसऱ्या गुरुवारी
फिरत्या वाचनालयाची गाडी आरब्रोथच्या या वृद्धाश्रमापाशी थांबते
आणि कारगिलबाई मला पिटाळतात:
जा, एखादी विरहाची घेऊन ये.
त्यांचं आडनाव ऐकून तू फोनवर दचकला होतास,
तिथंही लढाई चालू आहे का म्हणून.

मुखपृष्ठावर नेहमीसारखी पाठमोरी बाई, पुढे पाणी.
या बायांना चेहरा का देत नाहीत कोण जाणे.
कारगिलबाईंची नजर मधोमध गेलीय, कडेचं तेवढं दिसतं,
म्हणून मी वाचते, माझ्या बार्शीच्या इंग्रजीत,
रात्रीची औषधं देऊन झाली की अर्धा तास.

तो कॅनडात लाकूडतोडीला, ती बेटावर मेंढ्यांपाशी.
पत्रं. पत्रात वाळलेलं फूल.
आणि एकविसाव्या प्रकरणाच्या सुरुवातीला
एकच ओळ: तीन वर्षं गेली.

थांब, म्हणाल्या बाई.
तीन वर्षं? आणि कोळसा कुणी भरला?

त्यांचा डॉड लीथच्या बोटीवरून
देवमासे मारायला पार दक्षिण टोकाला जायचा,
एकेका खेपेला दीड वर्ष.
लेखकाला काय, कोरी जागा सोडली की झालं.
वाच. ती तीन वर्षं वाच.

पानावर काहीच नव्हतं. दोन बोटं पांढरं.
त्यातच बघून मी वाचायला लागले:

की साडेपाच तासांचं अंतर असतं दोघांत,
आणि मार्चच्या शेवटच्या रविवारी इथलं सरकार घड्याळ पुढे करतं
तेव्हा तो एक तास जवळ येतो.
त्याला व्हिसा न देणारं तेच सरकार.
की फोन डाळीच्या डब्याला टेकवून तो भाकरी थापायला शिकतो,
पडद्यावर कितीतरी वेळ नुसतं छत, आणि थापण्याचा आवाज.
की लेकीचा पुढचा दात पडतो, ती कॅमेऱ्यात भोक दाखवते
आणि नेमकं तेव्हाच चित्र गोठतं,
तोंड उघडं, मध्ये अंधार, आईतला आ.
की गॅस सिलिंडरच्या नंबरावरून भांडण होतं,
ते अर्धं टाकून तिला ड्यूटीवर पळावं लागतं,
मग दिवसभर दुसऱ्यांच्या आयांची अंगं पुसताना
ती मनात एकेक टोमणा घासून ठेवते.
की नवऱ्याचं नाव उत्तरेश्वर
आणि दोन निळ्या खुणा उमटूनही त्याचं उत्तर येत नाही.

हे पुस्तकात आहे? बाईंनी विचारलं.
आहे, म्हटलं.
मेंढ्यांचं काय झालं?
मेंढ्या बऱ्या आहेत.

शेवटच्या प्रकरणात तो धक्क्यावर उतरतो.
ती धावत सुटते, केस, वारा वगैरे.
मला वाटलं बाईंचा डोळा लागला.
पण त्या डोळे मिटूनच म्हणाल्या,
डॉड पहिल्या खेपेनंतर आला ना,
मला त्याचा वासच ओळखू येईना.
चरबीचा नव्हे, तो मी खरवडून काढला होता.
त्याच्या खालचा. त्याचा स्वतःचा.
आठ रात्री मी भिंतीकडे तोंड करून निजले.
हे कुणी लिहीत नाही.

आणि नवव्या रात्री?
नवव्या रात्री थंडी पडली, म्हणाल्या,
आणि खरंच झोपल्या.

बसथांब्यावर धुरी दिलेल्या माशांचा वास.
तुझ्याकडे रात्रीचा दीड. तू जागाच.
कशी होती कादंबरी, विचारलंस.
शेवट गोड आहे, भेटतात.
पुढे?

मी मफलर नाकाशी धरला,
तुझा, येताना मुद्दाम न धुता आणलेला.
मासे. आश्रमाचा साबण. या गावाचं मीठ.

सिलिंडर आला का, मी विचारलं.